पाटी नंतर लावा, आधी लिंटेल बँडचं बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमधे एका सद्गृहस्थांनी लिहिलं होतं की कुठं भूकंप झाला की चर्चवाले विटा आणि बायबल एकाच ट्रकात भरून निघतात. ते वाचून आमच्या घरात दोन दिवस तोच विषय. मुलगा म्हणाला पप्पा उत्तर लिहाच, बायको म्हणाली कशाला उगीच, आणि मी आपला गप्प, कारण खरं सांगायचं तर त्याच रविवारी उपासनेनंतर आमच्याच मंडळीच्या (म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांच्या) मीटिंगमधे जे झालं त्याचा मला त्या पत्रापेक्षा जास्त राग आलेला होता. म्हणून हे पत्र अर्धं त्या सद्गृहस्थांना आहे आणि अर्धं आमच्याच लोकांना. लांबलंय, माहितीय, कापलंत तरी चालेल पण मधला बँडचा (वाजवायचा नाही, भिंतीभोवती बांधायच्या पट्टीचा) भाग तेवढा कापू नका.

मी ख्रिस्ती, राहणार अहिल्यानगर (तोंडात अजून नगरच येतं), सिव्हिलचा डिप्लोमा करून आयुष्यभर साइटवर सुपरवायझरी केली. इंजिनियर नाही. पण भूकंपानंतरची बांधकामं दोनदा जवळून पाहिली, तरुणपणी किल्लारीकडं दीड वर्ष आणि रिटायरमेंटच्या तोंडावर नेपाळात पाच आठवडे, दोन्ही वेळेला चर्चच्या संस्थांबरोबर.

तर मीटिंग. पश्चिम नेपाळात नोव्हेंबर २०२३ मधे रात्री झोपेत भूकंप झाला, जाजरकोट आणि रुकुम पश्चिम जिल्ह्यात, दीडशेच्या वर माणसं गेली, तुमच्या पेपरात आतल्या पानावर आलं होतं. तिकडच्या एका छोट्या मंडळीचं चर्च पडलं, त्यांच्या पाळकांची (म्हणजे धर्मगुरूंची) आणि आमच्या पाळकसाहेबांची कुठल्याशा शिबिरातली ओळख, म्हणून आम्ही वर्गणी काढायचं ठरवलं. चांगलंच आहे. पण पाऊण तासाच्या मीटिंगमधला अर्धा तास कशावर गेला, तर पाटीवर. पाटीवर मंडळीचं नाव मोठं की देणगीदारांची, कुणाच्या आजोबांच्या स्मरणार्थ लिहायचं का, मराठीत की इंग्रजीत. मी विचारलं, त्या मंडळीतल्या लोकांची घरं उभी राहिली का? तर एकजण म्हणाले, "काका, घरांचं सरकार बघतंय ना, आपण प्रभूच्या घराचं बघू." यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एकटा बसलो नकाराचा झेंडा घेऊन.

आता मी जे पाहिलंय ते सांगतो. नेपाळचा मोठा भूकंप २५ एप्रिल २०१५ चा, ७.८ चा, गोरखा जिल्ह्यात बारपाक गावाजवळ केंद्र, आणि मग १२ मे ला परत ७.३ चा. जवळपास नऊ हजार माणसं गेली. पहिला धक्का दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना आणि वार शनिवार. नेपाळात सुट्टी शनिवारची, रविवारी ऑफिस चालू, त्यामुळं शाळा बंद होत्या आणि हजारो पोरं वाचली असं तिथं जो तो सांगतो. पण त्याच शनिवारमुळं चर्चेस भरलेली होती, कारण तिथले ख्रिस्ती लोक उपासना शनिवारीच करतात. म्हणजे ज्या शनिवारनं शाळेतली पोरं वाचवली त्यानंच उपासनेला बसलेले लोक छपराखाली गाठले. डोंगरात कित्येक ठिकाणी गाणं चालू असताना भिंत आली. लिस्बनला १७५५ मधे ऑल सेंट्सच्या सणाला असंच झालं होतं आणि आता मार्च २०२५ मधे म्यानमारमधे शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी मशिदी पडल्या. हे यासाठी सांगतोय की आपण चर्चला प्रभूचं घर म्हणतो, म्हणा, पण बांधणाऱ्याच्या नजरेनं ती एकाच वेळी शंभर माणसं बसणारी बिल्डिंग आहे, आणि तिला घरापेक्षा जास्त मजबूत असावं लागतं. प्रत्यक्षात काय असतं ते पुढं येतंय.

मी गेलो २०१६ च्या शेवटाला, धादिंग जिल्ह्याच्या वरच्या अंगाला. तिकडं तामांग लोकांची वस्ती, त्यातले बरेच ख्रिस्ती. त्या जिल्ह्यात युनायटेड मिशन टू नेपाळचं काम जुनं (ही संस्था १९५४ पासून नेपाळात आहे), गोरखाकडं कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस, शिवाय कॅरितास नेपाळ, आणि आम्ही ज्यांच्याबरोबर होतो ती एक छोटी संस्था, नाव देत नाही. एक गंमत, नेपाळीतही चर्चच्या लोकांना मण्डलीच म्हणतात, आपल्यासारखंच, आणि भेटलं की जयमसी. पहिल्याच दिवशी मला वाटलं अरे हे तर आपलेच.

घरांसाठी सरकारची स्कीम होती, तीन लाख नेपाळी रुपये, तीन हप्त्यात. करार झाला की पन्नास हजार, जोत्यापर्यंत काम बरोबर झालं असं सरकारी इंजिनियरनं पाहिलं की दीड लाख, भिंती वरच्या बँडपर्यंत गेल्या की उरलेले एक लाख. कागदावर फार हुशार स्कीम, कारण पैसा थेट घरवाल्याला आणि चुकीचं बांधलं तर पुढचा हप्ता नाही. पण डोंगरात इंजिनियर पोचायलाच महिने लागायचे, जोतं बांधून माणूस वाट बघत बसलेला, आणि सिमेंट गाडीरस्त्यापर्यंत येणार, पुढं खेचरावर नाहीतर डोक्याला पट्टा लावून डोक्यात, म्हणजे त्यांच्या त्या पाठीवरच्या टोपलीला ते डोको म्हणतात, आपल्या डोक्याशी संबंध नाही. खाली पोत्याला जे द्याल त्याच्या कितीतरी जास्त वर पोचेपर्यंत वाहतुकीलाच. शिवाय त्याच्या आदल्या हिवाळ्यात भारताच्या सीमेवरची नाकाबंदी, डिझेल नाही म्हणून ट्रक नाही. तीन लाखात घर होत नव्हतं. जी घरं अडकायची ती कुणाची, तर म्हाताऱ्यांची, विधवांची, आणि ज्यांचा कर्ता माणूस आखातात किंवा मलेशियात कामाला आहे त्यांची.

आणि चर्च? त्याला स्कीमच नाही. सरकारी यादीत राहती घरं होती, शाळा होत्या, पुरातत्त्वाची मंदिरं नि स्मारकं होती. चर्चला नेपाळात धर्मसंस्था म्हणून सरळ नोंदणीच करता येत नाही, कुणी एनजीओ म्हणून नोंदवतं, बहुतेकांची जागा पाळकाच्या नाहीतर एखाद्या सभासदाच्या नावावर. त्यामुळं चर्च बांधायला पैसे बाहेरूनच येणार, हे मला मान्य आहे, आमच्या मंडळीचं तेवढं म्हणणं बरोबर आहे.

पण तिथल्या त्या मंडळीनं काय केलं ते ऐका. चर्च पूर्ण पडलेलं, त्यांनी दगड रचून बाजूला ठेवले, चार बल्ल्या उभ्या केल्या, वर जस्तापाता म्हणजे आपले पत्रे, झालं चर्च. मी तिथल्या पहिल्या शनिवारी बसलो आणि प्रवचन चालू असताना पाऊस आला, पत्र्यावर असा आवाज की पाळकांचे ओठ हलताना दिसतायत आणि ऐकू काही नाही, शेवटी त्यांनी बायबल मिटलं, हातानं खूण केली आणि सगळे गायला लागले, अर्धा तास नुसतं गाणं. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे त्यांचा कामाचा दिवस, तर मंडळीतली वीसेक माणसं सकाळी निघाली ती चर्चच्या जागेवर नाही, वरच्या वाडीत एका म्हातारीकडं. म्हातारी ख्रिस्ती नाही, तिच्या दारावर झेंडे बांधलेले, तिचं जोतं अडकलं होतं दगड वाहायला कुणी नाही म्हणून. मंडळीनं आपल्या बैठकीत ठरवलं होतं की आधी ज्यांच्याकडं हात नाहीत त्यांची घरं, मग इतर घरं, आणि पत्र्याखालचं चर्च सगळ्यात शेवटी. बाहेरून आलेले पैसे त्यांनी गवंड्यांच्या ट्रेनिंगला आणि अडकलेल्या घरांना वरून लागेल तेवढं द्यायला वापरले. म्हातारी रोज कामाच्या वेळी मका भाजून आणायची आणि रोज आम्हाला शिव्या घालायची की दार छोटं ठेवलं. धर्माबद्दल तिला कुणी काही बोललेलं मी तरी ऐकलं नाही, आणि ऐकून घेणारी बाई ती नव्हतीच.

आता बँड. डोंगरातली घरं दगड-मातीची, भिंतीला बाहेरून एक दगडाची फळी, आतून एक आणि मधे चिपा-मातीची भर. हलली की दोन फळ्या एकमेकींपासून सुटतात, पोट फुगतं आणि भिंत दोन्हीकडं पडते. यावर उपाय स्वस्त आहेत, लोकांना वाटतं तसं स्लॅब-कॉलमचं घरच पाहिजे असं नाही. एक म्हणजे आरपार दगड, भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा, दर दोन फूट उंचीला आणि चार-चार फुटांवर एक. दुसरं म्हणजे बँड, जोत्यावर, खिडकीखाली, दार-खिडकीच्या वर (हाच लिंटेल बँड) आणि छपराखाली, पूर्ण घराला कमरेला करगोटा बांधल्यासारखी सलग पट्टी, काँक्रीटची नाहीतर लाकडाची, कुठंही तुटायची नाही, कोपऱ्यात तर अजिबात नाही. आणि सळईच्या रिंगेचा हुक नुसता काटकोनात वाकवायचा नाही, अजून आत वळवून काँक्रीटच्या पोटात घालायचा. हे मला आमच्या साइटवर कुणी इतकं घोकून सांगितलं नव्हतं, तिथं एका ट्रेनिंग झालेल्या डकर्मी बाईनं (गवंड्याला ते डकर्मी म्हणतात, बायकाही शिकल्या होत्या) माझ्या हातातली रिंग काढून घेतली, हुक बघितला, हसली आणि म्हणाली "दाइ, ये तो खुल जायेगा." चाळीस वर्षं साइटवर काढलेल्या माणसाला! पण खरं होतं, खुललाच असता.

चर्चची इमारत यातच मार खाते. घरात खोल्या असतात, मधल्या भिंती लांब भिंतीला धरून ठेवतात. चर्चला मधे भिंत कशी चालेल, एकच लांब हॉल पाहिजे, उंच पाहिजे, आणि पुढं छपराखाली ती त्रिकोणी भिंत, जिच्यावर क्रूस लावतात. ती त्रिकोणी भिंत वर कशालाही बांधलेली नसते, पहिल्या झटक्यात बाहेर नाहीतर आत येते, आणि तिच्या खालीच दार असतं, जिथून लोक पळतात. म्हणून तिथं दगडाऐवजी पत्रा किंवा फळ्या लावायच्या, लांब भिंतीला मधेमधे आधाराचे खांब द्यायचे, बँड त्रिकोणाच्या उतारावरनं फिरवायचा. हे सगळं प्लास्टरच्या आत जातं. उद्घाटनाच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही. देणगीदाराला दाखवायला टाइल दिसते, पाटी दिसते, घंटा दिसते, म्हणून पैसे तिकडं जातात, असा माझा अनुभव आहे, आणि तो फक्त चर्चचा नाही, सगळ्यांचाच.

किल्लारीचं सांगतो म्हणजे मी फक्त परदेशाचं कौतुक करतोय असं नको. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत, गणपती विसर्जनाची रात्र, लोक दमून झोपलेले. तिथंही दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर माळवद, दरवर्षी पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर देऊन देऊन फूट-दोन फूट जाड झालेलं, ते सगळं अंगावर आलं. नंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली, बरीच गावं देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली, चर्चच्या संस्थाही त्यात होत्या आणि आम्हीही एका गावाचं काम करत होतो. पक्की घरं दिली, खोटं कशाला बोलू, सळई कुठं कमी घातली नाही. पण ज्यांची घरं त्यांना कुणी काही विचारलं नाही. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०, सगळं सरळ रेघेत, कॉलनीसारखं. गोठा नाही, वाड्याचा आडोसा नाही, भाऊबंद एका आळीत राहायचे ते तीन गल्ल्यात पांगले, शेत लांब पडलं. संडासात लोकांनी गोवऱ्या भरल्या. गावाच्या तोंडाशी मात्र कमान आणि संगमरवरी पाटी, त्यात गावाचंच नाव चुकलेलं, ते दुरुस्त करायला परत माणूस पाठवला पुण्याला. मी तरुण होतो, मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, मी पाटी बसवताना लेव्हल धरून उभा होतो.

बऱ्याच वर्षांनी एकदा तिकडून जाताना थांबलो तर आमच्या त्या घरांना लागून लोकांनी आपापल्या खोल्या वाढवलेल्या, काही विटांच्या, आणि दोन-चार ठिकाणी, सांगायला लाज वाटते, परत दगड-मातीच्या, ना आरपार दगड ना पट्टी. आमचं घर उभं पण माणूस त्या शेजारच्या खोलीत झोपलेला. गवंडी आमचे बाहेरचे होते ना. आम्ही गेलो आणि अक्कल आमच्याबरोबर परत गेली. धादिंगमधे निदान ती डकर्मी बाई तिथंच राहिली.

चर्च आधी की घर आधी हा वादही नवा नाही. इटलीत उत्तरेला फ्रिउली म्हणून भाग आहे, तिथं मे १९७६ मधे भूकंप झाला, हजाराच्या आसपास माणसं गेली. कट्टर कॅथलिक मुलूख, गावागावात शेकडो वर्षांची चर्चेस पडलेली. तरी तिथं वाक्य झालं ते असं, आधी कारखाने, मग घरं, मग चर्चेस, आणि ते तिथल्या उदिनेच्या आर्चबिशपांच्या, आल्फ्रेदो बातिस्तींच्या नावाशी जोडलं जातं. बिशपच असं म्हणतोय म्हटल्यावर बाकीच्यांचं तोंड बंद. वेन्झोने गावाचं कॅथेड्रल मे मधे तडकलं होतं, सप्टेंबरच्या धक्क्यात पुरतं बसलं, तर लोकांनी त्याचे हजारो दगड मैदानात मांडून, ओळखून, नंबर टाकून ठेवले आणि जुन्या फोटोंवरून जिथला दगड तिथं परत लावला. चर्च उघडलं १९९५ ला. एकोणीस वर्षं! तोवर लोक घरात राहत होते, कामाला जात होते. आमच्या मीटिंगमधे हे मी सांगितलं तर एकजण म्हणाले एकोणीस वर्षं कोण थांबणार, पाटीवरची माणसं तोवर राहतील का.

आता त्या सद्गृहस्थांना. साहेब, तुमचं म्हणणं सगळं खोटं नाही. २०१५ ला बाहेरून काही लोक ताडपत्रीऐवजी पुस्तकं घेऊन पोचले, सोशल मीडियावर बोंब झाली आणि झाली ते बरंच झालं. नेपाळच्या २०१५ च्या घटनेत दुसऱ्याचा धर्म बदलायला बंदी आहे, २०१८ पासून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे बाहेरचा माणूस असं काही करून विमानानं घरी येतो आणि भोगायला लागतं तिथल्या पाळकाला. आमच्यातले जे हे करतात त्यांना मी तोंडावर मूर्ख म्हणतो. पण तिथं २०२१ च्या जनगणनेत ख्रिस्ती पावणेदोन टक्क्यांच्या आसपास आहेत, आणि त्यांचंही घर पडतं, त्यांचीही बसायची जागा पडते, ती त्यांनी कुणाच्या पैशानं बांधायची? देऊळ पडलं की गावकरी बांधतात, परगावचे वर्गणी पाठवतात, त्यात तुम्हाला गैर वाटत नाही. चर्चला मुंबई-नगरहून वर्गणी गेली की लगेच कट. भूकंपग्रस्ताला विटेच्या बदल्यात काही मागितलं असेल तर पकडा, मी पण तुमच्याबरोबर येतो. नसेल मागितलं तर नुसती वीट बघून आरोप करू नका.

आणि आमच्या लोकांना एवढंच की पैसे पाठवा, पण आधी फोन करून तिथल्या पाळकांना विचारा की मंडळीतली आणि वाडीतली किती घरं अजून पत्र्याखाली आहेत. तिथल्याच दोन-चार पोरांना, पोरींना गवंडीकामाच्या ट्रेनिंगला घालायला खर्च येत असेल तर तो आधी द्या. चर्चचं ड्रॉइंग मागवा, मी फुकट बघून देईन, आणि मला नाही कळलं तर नगरला इंजिनियर पोरं आहेत, त्यांना दाखवू. घरांचे पैसे आणि चर्चचे पैसे दोन वेगळ्या पावतीपुस्तकांवर घ्या, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवता येईल. मीटिंगमधे हे मी बोललो तेव्हा पाळकसाहेबांनी हो म्हटलं, पंचांपैकी दोघांनी हो म्हटलं, बाकीचे पुढच्या रविवारी ठरवू म्हणाले.

परवा खजिनदार बाजारात भेटले. म्हणाले पाटीचं कोटेशन आलंय, ग्रॅनाइटचं थोडं महाग पडतंय पण अक्षरं जात नाहीत. मी विचारलं ड्रॉइंगचं काय झालं, तर म्हणाले ते व्हॉट्सअपवर मागवलंय, अजून आलं नाही.

आपला,
एक निवृत्त साइट सुपरवायझर,
अहिल्यानगर